मालोजीराजे भोसले यांचा उत्कर्ष : बखरींतील विवाहकथेचें परीक्षण

चाकणनजीकच्या एका खेड्यांतील जुना वाडा गतवर्षीं पाडण्यांत आला. त्या वेळीं माळ्यावर सांपडलेले दोन रुमाल कागद वाड्याच्या धन्यानें आमच्याकडे तपासण्याकरितां पाठविले. वाड्याच्या जागीं आतां कारखान्यांच्या मालाचें गुदाम उभें आहे. रुमालांतील बहुतेक कागद एकोणिसाव्या शतकांतील पावत्यांचे व वाटणीपत्रांचे निघाले. परंतु त्यांत अकरा पानांचें एक बखरवजा प्रकरण होतें. मालोजीराजे भोसले यांस निजामशहानें पंचहजारी मनसब, राजा हा किताब, पुणें व सुपें हे परगणे आणि शिवनेरी व चाकण हे किल्ले 'वंशपरंपरेनें' दिले, असा त्याचा शेवट आहे. हा कागद सनदेच्या योग्यतेचा आहे असा दाखला आम्ही द्यावा, अशी त्या गृहस्थांची इच्छा होती. आम्हांस तो देतां आला नाहीं. कागद गिरणीचा, त्यांत इंग्रजी अक्षरांचा पाण्याचा छाप, व अक्षर शाळेंत बालबोध गिरविलेल्या हाताचें. एवढ्यावरूनच त्याचें वय उघड होतें. तथापि कागद नवा म्हणून त्यांतील मजकूरहि खोटा असें होत नाहीं. नवी नक्कल जुन्या अस्सलाची असूं शकते. म्हणून त्यांतील कथेचें परीक्षण स्वतंत्रपणें करणें आम्हांस प्राप्त झालें.

येथें एक कबुली देणें अवश्य आहे. संस्कृत व इतिहास हे विषय आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ शिकविले, आणि दर वर्षीं रंगपंचमीच्या सुमारास हीच कथा वर्गांत रंगवून सांगितली. मुलें ती ऐकतांना टाळ्या वाजवीत. तेव्हां पुढील टीकेचा पहिला रोख आमच्यावरच आहे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. तरी परीक्षणापुरती ती मांडतों. सिंदखेडचे लखूजी जाधवराव हे निजामशाहींतील थोर सरदार. मालोजी व विठोजी हे वेरूळचे भोसले बंधु त्यांच्या पदरीं बारगीर. शिमग्याच्या सणांत मालोजी आपल्या पांच वर्षांच्या शहाजीस घेऊन जाधवरावांच्या वाड्यांत गेले. तेथें शहाजी व जाधवरावांची तीन-चार वर्षांची कन्या जिजाबाई यांनीं परस्परांवर रंग उडविला. जाधवराव कौतुकानें म्हणाले, जोडा कसा शोभतो पहा. मालोजी उठून भरल्या सभेंत म्हणाले, सर्वांनीं ऐकलें, जाधवराव आजपासून आमचे व्याही झाले. पुढें जाधवरावांच्या पत्नीनें बारगीराच्या घरीं मुलगी देण्यास नकार दिला. भोसले बंधु नोकरी सोडून वेरुळास गेले. तेथें भवानीनें दृष्टांत देऊन शेतांतील द्रव्य दाखविलें. तें चांभारगोंद्याच्या शेषाजी नाइकाकडे ठेवून त्यांनीं घोडीं घेतलीं. निजामशहाकडे दाद मागितली. आणि बादशहानें मालोजींस जाधवरावांच्या तोलाचे करून लग्न लावून दिलें. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत ही कथा घेऊन रंगाच्या प्रसंगास १५९९ हें साल दिलें, व तेव्हांपासून ती इंग्रजी व मराठी पुस्तकांत कायम झाली.

आतां साधनांची परंपरा पाहूं. ग्रँट डफचा आधार सातारा दरबारांतील बखरी. त्यांतील मुख्य जी मल्हार रामराव चिटणीस यांची, ती पेशवाईच्या अगदीं अखेरच्या काळांत सिद्ध झाली. म्हणजे प्रसंग व लेखन यांत दोन शतकांचें अंतर आहे. 'शिवदिग्विजय' वगैरे बखरी ह्याच वर्गांतल्या. ह्यांच्या आधींचीं दोन साधनें विशेष महत्त्वाचीं होत. पहिलें, कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लिहिली गेली. दुसरें, कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य. तें स्वतः शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचिलेलें असून तंजावरच्या प्रतीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं छापून काढिलें. सभासद मालोजींची शंभुमहादेवावरील भक्ति सांगतो. रंगाची कथा सांगत नाहीं. परमानंदहि ती सांगत नाहीं.

कोणी म्हणेल, न सांगणें म्हणजे नाकारणें नव्हे. आम्हांस हें मान्य आहे. परंतु परमानंद नुसता गप्प नाहीं. तो निराळी हकीकत देतो. त्याच्या काव्यांत मालोजी हे प्रथमपासूनच बलवान् नायक आहेत; निजामशहा त्यांस व विठोजींस आपल्या गरजेस्तव बोलावितो; मालोजी इंदापूरच्या रणांत पडतात, त्या वेळीं शहाजी पांच वर्षांचे आहेत; मुलांचा सांभाळ चुलते विठोजी करितात; आणि त्यानंतर जाधवराव शहाजींचें कुलशील व गुण पाहून आपली कन्या देतात. येथें बारगीरी नाहीं, नकार नाहीं, दाद नाहीं. मुख्य म्हणजे विवाहसमयीं मालोजीच नाहींत.

ह्या दोन हकीकती एकत्र नांदूं शकत नाहींत. शहाजींचा जन्म बखरींप्रमाणें १५९४ चा धरला व मालोजींचा मृत्यु शिवभारताप्रमाणें शहाजींच्या पांचव्या वर्षीं धरला, तर १५९९ च्या सुमारास मालोजी रणांत पडतात. मग पुढें पांच वर्षें लग्नाकरितां झगडतो कोण? उलट कित्येक संशोधकांप्रमाणें शहाजींचा जन्म १६०० नंतर ओढला, तर १५९९ च्या शिमग्यांत रंग उडविण्यास शहाजीच नाहींत. ही उभयतःपाशा रज्जु आहे. कोणतेंहि टोंक धरा, फांस बसतोच. जिजाबाईंच्या बाजूनें पाहिलें तरी तीच अडचण. सिंदखेडराजा येथें १२ जानेवारीस जिजाऊ-जयंतीचा उत्सव होतो, व जन्मसाल १५९८ सांगण्यांत येतें. तें साल खरें मानणारांनीं १५९९ च्या शिमग्यांत त्यांचें वय सव्वा वर्षाच्या आंत होतें हेंहि मानलें पाहिजे. त्या वयाचें मूल कोणावर गुलाल उधळीत नाहीं.

शिवभारत हें काव्य आहे, त्यांतील 'पांच वर्षें' हा कविसंकेत असेल, असा आक्षेप येण्यासारखा आहे. काव्यांत अतिशयोक्ति आहे. मालोजींस तेथें राजासारखें वर्णिलें आहे, तें आम्ही जसेंच्या तसें घेत नाहीं. नातवाच्या आज्ञेनें लिहिणारा कवि आजोबास बारगीर म्हणणार नाहीं, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. परंतु कालनिर्देशांत हा कवि विश्वासू ठरला आहे. शिवजन्माची शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया त्यानें दिली, तीच जेधे शकावलींत मिळाली. दोन स्वतंत्र साधनांचा हा मेळ सर्वांस परिचित आहे. तरी वादाकरितां त्याची साक्ष बाजूस ठेवूं, व केवळ निजामशाहीच्या इतिहासावर कथा घांसून पाहूं.

१५९५ सालीं अहमदनगरच्या गादीचा वाद माजला, मोगल वेशीपाशीं आले, व चांदबिबीनें बहादूर निजामशहा ह्या तान्ह्या मुलाच्या नांवें शहर लढविलें. १५९९ सालीं गादीवर हाच बहादूर. म्हणजे कथेंतील वर पांच वर्षांचा, आणि त्याच्या लग्नाचा न्याय करणारा बादशहाहि जवळजवळ त्याच वयाचा! १६०० सालीं चांदबिबी मारली गेली, अहमदनगर मोगलांनीं घेतलें, व बहादूर कैदेंत पडला. नंतर मलिकअंबरानें दुसऱ्या मुर्तजास परांड्यास गादीवर बसविलें. ग्रँट डफच्या गणनेनें लग्न १६०४ च्या सुमाराचें; त्या वेळीं दौलताबाद व त्याकडील मुलूख अंबराचा प्रतिस्पर्धी राजू दखनी याच्या हातीं होता. अंबरानें त्यास १६०७ सालीं पकडलें, तेव्हां कोठें तो प्रांत निजामशहाचा झाला. अर्थात् दौलताबादेस दरबार भरवून दोन सरदारांचा तंटा तोडणारा निजामशहा त्या सालीं तेथें असणें शक्य नव्हतें. बखरकारानें आपल्या काळचा, सर्व सरदारांवर हुकमत चालविणारा बादशहा कल्पिला. प्रत्यक्षांत राज्य अर्धें बुडालेलें होतें.

कथेच्या एका पाठांत, बादशहाचें लक्ष वेधण्याकरितां मालोजींनीं दौलताबादच्या मशिदींत मेलेलीं डुकरें टाकून त्यांस फिर्यादीची चिठ्ठी बांधली, असें आहे. ह्या पाठाचा विचार एका वाक्यांत आटोपतों : असें कृत्य करणारास त्या काळीं मनसब मिळत नसून देहदंड मिळत असे. भवानीच्या द्रव्याविषयीं मीमांसकांचा विवेक उपयोगी पडेल. ते वेदवाक्यांत विधि निराळा व अर्थवाद निराळा करितात; अर्थवाद स्तुतीकरितां असतो, त्यावरून कर्तव्य ठरवीत नाहींत. दृष्टांताची कथा हा अर्थवाद. तिच्यामागील विधि इतकाच कीं, भोसले बंधूंच्या हातीं एकदम बरेंच घोडें आलें, व त्याचें भांडवल सावकारी वाटेनें उभें राहिलें.

मग कथा रचली गेली कशाकरितां? आमच्या मतें तिची मांडणी हेंच तिचें रहस्य आहे. धर्मशास्त्रांत कन्येच्या पित्यानें साक्षीदारांसमक्ष दिलेला शब्द, म्हणजे वाग्दान, हा विवाहाचा पहिला टप्पा मानितात, व दिलेली कन्या फिरविणें दोषास्पद समजतात. रंगाच्या सभेंत जाधवराव नकळत वाग्दान करितात, सभा साक्षी होते, पुढें नकार येतो, वादी राजाकडे जातो, राजा निवाडा देतो. हा तर पायरीपायरीनें मांडलेला महजर आहे! वतनाचे कज्जे पिढ्यान्पिढ्या लिहिणाऱ्या चिटणिशी लेखणीस हीच घडण सुचावी, ह्यांत नवल नाहीं. शिवाय ज्या काळांत ही बखर सिद्ध झाली, त्या काळीं साताऱ्याच्या छत्रपतींच्या हातीं नांवाखेरीज थोडेंच उरलें होतें. आपल्या कुळाचा उदय बळाच्या जोरावर नव्हे, तर दिलेल्या शब्दाच्या न्यायावर झाला, ही कथा त्या दरबारास गोड वाटली असावी. हा आमचा तर्क आहे. पुरावा म्हणून तो आम्ही पुढें करीत नाहीं.

कथा गेली म्हणजे विवाहाचें महत्त्व गेलें असें मात्र नाहीं. बखरकारांनीं एका विवाहाचा डोंगर केला, आणि दुसऱ्याकडे कोणी पाहिलेंच नाहीं. तो विवाह स्वतः मालोजींचा. त्यांची पत्नी, बखरींतील दीपाबाई व शिवभारतांतील उमा, ही फलटणच्या नाईक निंबाळकरांची कन्या. निंबाळकर हें दक्षिणेंतील अत्यंत जुनें देशमुखी घराणें. सिंदखेडकरांहून कुळानें कमी नव्हे. शंभुमहादेवाचें शिखर शिंगणापूर, जेथें मालोजींनीं तळें बांधविल्याचें जुनीं साधनें सांगतात, तें ह्याच फलटणच्या बाजूस पडतें. फलटणकरांनीं ज्या घरीं बहीण दिली, तें घर निव्वळ बारगिराचें नसावें. किंवा बारगिराचें असल्यास ह्या सोयरिकीनें तें तसें उरलें नसावें. दोन्ही पक्षीं जाधवरावांच्या पत्नीचा नकार निराधार होतो. मालोजी विवाहानें चढले असें म्हणावयाचेंच असेल, तर तो पुत्राचा नव्हे, स्वतःचा विवाह होय.

राजकृपेचेंहि तसेंच. १५९५ पासून मोगलांच्या स्वाऱ्यांनीं निजामशाही खिळखिळी झाली. खजिना आटला, परदेशी अमीर पांगले. अशा राज्यास आपल्या खर्चानें घोडा उभा करणारा देशी सरदार हवा होता, व त्या घोड्याच्या खर्चास मुलूख तोडून देणें हाच उपाय होता. राजकृपा हें गरजेचें दरबारी नांव. परमानंदाचें 'निजामशहानें बोलाविलें' हें वाक्य ह्या स्थितीशीं जुळतें. 'निजामशहानें दाद लावून दिली' हें बखरीचें वाक्य जुळत नाहीं.

आतां चाकणकडे वळूं. कारण आमच्यापुढील प्रकरणाचा खरा दावा तोच आहे. निजामशाहींत चाकरीबद्दल मिळणारा मुलूख तो मोकासा. तो सरकारच्या मर्जीवर चाले व सहज बदले. 'वंशपरंपरा' हा शब्द वतनाचा व इनामाचा, मोकाशाचा नव्हे. चिंचवडच्या देव घराण्याचे कागद पाहणारास हें समजेल. लॉरेन्स प्रेस्टन यांनीं त्या घराण्यावर लिहिलेलें पुस्तक १९८९ सालीं निघालें. इनाम असूनहि राज्य बदललें कीं नव्या धन्याकडून तें पुन्हां मान्य करून घ्यावें लागे, हें त्यावरून दिसतें. देवस्थानच्या इनामाची ही गत, तेथें लष्करी मोकाशाची काय कथा!

शिवनेरीचें उदाहरण तर निर्णायक आहे. तो किल्ला मालोजींस वंशपरंपरेनें मिळाला असता, तर १६३० सालीं तो शहाजींच्या स्वाधीन असावयास पाहिजे. परंतु शिवभारताप्रमाणें तो तेव्हां विजयराजाच्या ताब्यांत होता. त्याची कन्या जयंती शहाजींचे वडील पुत्र संभाजी यांस दिली, व त्या नात्याच्या भरंवशावर शहाजींनीं गरोदर जिजाबाईंस तेथें ठेविलें. स्वतःच्या किल्ल्यांत राहण्यास व्याह्याचा आश्रय लागत नाहीं. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाविरुद्ध सुमारें दोन महिने लढविला व ऑगस्टमध्यें तो पडला, ही कीर्ति चाकणास पुरेशी आहे. तिच्या मागें मालोजींची संशयित सनद जोडण्याची गरज नाहीं. पुणें व सुपें ह्यांवरील भोसल्यांच्या मोकाशाविषयीं आमचा वाद नाहीं. शहाजींच्या वेळीं तो होता, हें सर्वमान्य आहे. वाद आहे तो दोन किल्ल्यांचा व 'वंशपरंपरा' ह्या शब्दाचा.

जाधवांच्या सोयरिकीनें भोसल्यांस पुढें तरी काय मिळालें? निजामशहाच्या दरबाराबाहेर खंडागळ्याचा हत्ती बिथरला, त्या दंग्यांत लखूजींचा पुत्र दत्ताजी व विठोजींचा पुत्र संभाजी हे दोघेहि मारले गेले, व सासऱ्याच्या हातून जांवयास जखम झाली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत जाधवराव मोगलांच्या बाजूस, शहाजी व शरीफजी निजामशहाच्या बाजूस. शरीफजी तेथेंच पडले. १६२९ च्या जुलैंत निजामशहानें दौलताबादेस लखूजींस पुत्रांसह दगा देऊन मारविलें. ज्या राजकृपेच्या जोरावर हा विवाह झाला म्हणतात, तिनेंच वधूच्या पित्याचा असा शेवट केला. विवाहानें कुळाची प्रतिष्ठा वाढते. मुलूख राखावा लागतो तो तरवारीनें.

परदेशचा एक दाखला तुलनेकरितां देतों. स्कॉटलंडांत राजाचे पिढीजाद कारभारी असें एक घराणें होतें. आपल्याकडील फडणीस-चिटणिसांप्रमाणें हुद्द्यावरूनच त्यांस स्टुअर्ट हें आडनांव पडलें. त्यांतील वॉल्टर यानें रॉबर्ट ब्रूस राजाची कन्या मार्जरी हिच्याशीं १३१५ सालीं विवाह केला, व त्यांचा पुत्र १३७१ सालीं गादीवर बसून नवा राजवंश सुरू झाला. विवाह व राजकृपा यांनीं घराणें कोठवर चढतें, ह्याचें हें ठळक उदाहरण. परंतु तेथील अभ्यासकास रंगपंचमी रचावी लागत नाहीं. १३१५ सालींच एअर येथील सभेनें वारसाहक्काचा निर्णय मार्जरीच्या संमतीसह लेखीं नमूद केला. पराक्रमांत त्यांचें घराणें भोसल्यांहून थोर होतें असें नव्हे. त्यांचा कागद राहिला, इतकाच भेद.

म्हणून आमचा निष्कर्ष असा : मालोजी हे निंबाळकरांशीं सोयरीक असलेले, आपल्या बळावर घोडा बाळगणारे नायक होते; निजामशाहीच्या पडत्या काळांत त्यांस लष्करी मोकासा मिळाला; शहाजी-जिजाबाईंचा विवाह खराच, पण तो बहुधा विठोजींच्या देखरेखीखालीं व जाधवरावांच्या राजीखुशीनें झाला; रंगाची कथा उत्तरकालीन; आणि चाकण-शिवनेरीचें वंशपरंपरागत दान अप्रमाण. जिजाबाईंच्या व शहाजींच्या थोरवीस ह्यानें बाध येत नाहीं. चुलत्यानें वाढविलेला पोरका मुलगा व सोयऱ्याच्या गडावर बाळंत झालेली सरदारकन्या, ही हकीकत कथेहून कमी हृदयंगम आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

शेवटीं संग्राहक बंधूंस विनंति. चाकण, खेड, मावळ, हवेली ह्या भागांत कारखान्यांकरितां व घरांकरितां जमिनी जात आहेत, वाडे पडत आहेत, व माळ्यावरील रुमाल रद्दींत जात आहेत. कथेच्या सुंदर नकला जपल्या जातात, आणि फाटकीं खुर्दखतें फेंकिलीं जातात. हें उलट झालें पाहिजे. सुहूर सन तिसा तिसैन तिसा मया, म्हणजे ९९९, व त्यापुढील सन अलफ, म्हणजे १०००, हीं वर्षें इसवी १५९८ ते १६०० ह्या अवधींत येतात. ह्या दोन सनांचा, पुणें, सुपें किंवा चाकण येथील मोकाशाचें नांव असलेला बोटभर तुकडा जरी कोणास मिळाला, तरी वरील सर्व तर्काहून त्याची किंमत अधिक; आणि त्यानें आमचा निष्कर्ष खोडला गेला, तर तो खोडणारा कागद आम्हीच प्रथम छापण्यास पाठवूं.

त्या वाड्याच्या धन्यास आम्ही अकरा पानें परत केलीं, व त्यांबरोबर एक फाटकें वाटणीपत्रहि नीट घडी घालून दिलें. त्यांत त्यांच्या पणज्याचें नांव, विहिरीचा हिस्सा व चार साक्षीदारांच्या निशाण्या आहेत. तें अस्सल आहे. त्याचा दाखला मात्र आम्ही आनंदानें लिहून दिला.